घरच्या सुतारकामाचा आवाज आणि हादरा: उपाय करूनही परत का येतो?

तक्रार बहुतेक घरी सारख्याच वळणाने येते. मशीनखाली रबर टाकून झालं, दाराला पट्टी लावून झाली, महिना-दोन महिने कोणी काही बोललं नाही, आणि एका संध्याकाळी शेजारच्या काकू पुन्हा गेटपाशी उभ्या: "भाऊ, तुमचं मशीन चालू झालं का आमच्या फडताळातले डबे वाजतात." नागपुरात बेसा, मनीषनगर, मानेवाडा भागातल्या रो हाऊसमध्ये दोन घरांत मिळून एकच भिंत असते. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांचंही तेच. तिथे पोर्चमध्ये नाहीतर मागच्या खोलीत टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत), रंधा मशीन, राउटर (लाकडाला खाचा-कडा काढणारं मशीन) मांडून हौसेने काम करणाऱ्याला हे चुकत नाही.

काकू काय म्हणाल्या ते मात्र नीट ऐका. डबे वाजतात, असं म्हणाल्या. आवाजाने टीव्ही ऐकू येत नाही, असं नाही म्हणाल्या. डबे वाजतात, पलंगावर झोपलं की घरघर जाणवते, भिंतीला कान लावला की जास्त येतं, अशी तक्रार असेल तर हादरा फरशीतून आणि भिंतीतून जातो आहे. कानात किर्र होतं, अंगणात उभं राहवत नाही, खिडकी लावली की बरं वाटतं, अशी असेल तर आवाज हवेतून जातो आहे. पहिल्यावर दार-खिडक्यांचा उपाय चालत नाही आणि दुसऱ्यावर रबराचा चालत नाही. बाजारात 'साउंडप्रूफिंग' म्हणून जे काही विकतात ते यातल्या एकावरच थोडंफार चालतं, आणि अंड्यांचे ट्रे दोन्हीवर चालत नाहीत.

आधी वाट शोधा

साधी तपासणी आहे. स्कूटरची जुनी ट्यूब घ्या, हवा अर्धवट भरा, वर १८ मिमी प्लायचा तुकडा ठेवा आणि त्यावर डस्ट कलेक्टर (भुसा ओढणारं मशीन) किंवा कॉम्प्रेसर उभा करून चालवा. टेबल सॉ तपासायचा असेल तर ब्लेड काढून नुसती मोटर आणि शाफ्ट फिरवा. ट्यूबवर ठेवलेल्या मशीनवर लाकूड कापायचं नाही, ते डुलतं. दरम्यान घरातलं कोणीतरी शेजारी बसलेलं असावं. ट्यूबवर ठेवल्यावर तिकडची घरघर थांबली तर वाट फरशीची. काहीच फरक पडला नाही तर वाट हवेची. बहुतेक घरांत दोन्ही थोडंथोडं असतं, पण एक वरचढ असतं आणि काम तिथूनच सुरू करायचं.

मोबाइलवरचं डेसिबल अॅप आधीचा आणि नंतरचा फरक पाहायला पुरतं. वर्धा रोडवरच्या आपल्या नीरीने, म्हणजे पर्यावरण संशोधन संस्थेने, काढलेलं 'नॉइज ट्रॅकर' आहेच. फोन एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवायचा. पण फोनचा माइक खालच्या सुरातली घरघर नीट पकडत नाही. हादऱ्याच्या तक्रारीत आकडा बरा दिसतो म्हणून काकूंना खोटं पाडू नका.

मग मशीन बंद करताना कान द्या. स्विच बंद केल्याक्षणी गुणगुण थांबली तर ती विजेची: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांची, तिचा हुंकार मोटरमध्ये १०० हर्ट्झवर ऐकू येतो. स्विच बंद झाल्यावरही ब्लेड फिरत असेपर्यंत हादरा राहिला तर दोष फिरणाऱ्या भागात आहे. आणि वेग उतरता उतरता मध्येच एका टप्प्यावर सगळं स्टँड थडथडून पुन्हा शांत झालं, तर त्या वेगाशी स्टँडचा स्वतःचा कंप जुळतो आहे. तिथे स्टँडचं वजन वाढवायचं किंवा आडवे-तिरपे दांडे मारून ते ताठ करायचं. स्टँडच्या तळाला फळी टाकून कन्हानच्या रेतीची दोन पोती ठेवली तरी वागणूक बदलते. स्टँडचा पत्रा वाजत असेल तर तळहात दाबून पाहा. हात लावताच आवाज मेला तर गाडीच्या दारात आतून चिकटवतात ती डांबरी शीट त्या जागी लावून टाका.

बेल्ट

परत-परत येणाऱ्या हादऱ्यात मी सगळ्यात आधी मोटरकडून ब्लेड फिरवणारा रबरी बेल्ट बघतो. याला नागपुरात एक खास कारण आहे. एप्रिल-मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये दुपारी उभं राहणं शक्य नसतं, काम आठवडेच्या आठवडे बंद पडतं. बेल्ट तसाच पुलीवर ताणलेला, वरून पंचेचाळीस अंशांची भट्टी. रबर त्याच वळणात बसतं. जूनमध्ये पहिल्या सरी पडल्यावर मशीन सुरू केलं की थप-थप-थप असा ठोका येतो, आणि लोक समजतात की बेअरिंग गेलं.

बेल्ट काढून टेबलावर मोकळा ठेवा. चांगला बेल्ट सैल गोलाकार पडतो. बिघडलेला दोन्ही टोकांना वाकून, मधे सरळ, पुलीचाच आकार धरून बसतो. हाताने उलटा वळवला की त्या दोन जागी अडतो, आणि तिथे आतल्या बाजूला बारीक आडव्या चिरा दिसतात. तासभर चालवल्यावर गरम होऊन थोडा मोकळा होतो, म्हणून संध्याकाळपर्यंत आवाज कमी झाल्यासारखा वाटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असा बेल्ट बदलायचाच. नवा घेताना दातेरी कॉग्ड बेल्ट घेतला तर लहान पुलीवर सहज वळतो. कप्पे जोडून केलेला लिंक बेल्ट मिळाला तर आणखी चांगलं, त्याला वळण बसत नाही. आणि उन्हाळ्यात मशीन बंद ठेवणार असाल तर मोटरचा ताण सैल करून बेल्ट उतरवून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

ठोका सेकंदाला पाच-सहा वेळा पडतो. हा आकडा लक्षात ठेवा, रबराच्या भागात लागेल.

बेल्ट काढलेलाच आहे तर मोटर एकटी चालवा. एकटी शांत असेल तर मोटर सुटली. मग पुली हाताने फिरवा: काठ डुलतो का, पुलीला शाफ्टवर पकडणारा ग्रब स्क्रू ढिला आहे का, पुली घसरू नये म्हणून खाचेत बसवलेली लोखंडी चावी खेळते का. हलक्या ओतीव पुल्या नव्या असतानाच डुलणाऱ्या निघतात, तिथे खराद्याकडून नीट तासलेली पुली बसवल्याशिवाय बाकीची मेहनत वाया. दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून सूत ताणून रेषा जुळवा. ताण किती? दोन पुलींच्या मध्ये १६ इंच मोकळा बेल्ट असेल तर मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण पाव इंच दबावा. जास्त ताणला की बेअरिंग ओरडतं, कमी ताणला की बेल्ट फडफडतो.

पुलीच्या खाचेत भुसा दाबून बसलेला असतो, विशेषतः चिकट लाकूड कापलं असेल तर. एका बाजूला चकतीसारखा थर जमतो आणि तेवढ्याने तोल जातो. डस्ट कलेक्टरच्या पंख्यालाही हेच होतं; पात्याच्या मागच्या बाजूला राळ-भुश्याचा पापुद्रा बसतो. खरवडून काढला की नव्यासारखा चालतो. ब्लेडवरची राळ साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून काढावी, धार गेलेली असेल तर लावून घ्यावी. बोथट ब्लेड जास्त गरम होतं, जास्त ओरडतं आणि लाकूड जोराने ढकलावं लागतं.

मशीन ठीक झालं की नाही याची कसोटी: दहा रुपयांचं नाणं टेबलावर काठावर उभं करा, ब्लेडपासून लांब, आणि मशीन सुरू करा. नाणं उभं राहिलं तर पुढे जा. पडलं तर अजून मशीनमध्येच शोधा, रबर आणायला निघू नका.

रबर का चालत नाही

दहा मिमीची रबरी मॅट आणून पूर्ण मशीनखाली पसरतात, आणि फरक पडत नाही. पडणारही नाही. रबर हादरा 'शोषून घेतं' अशी समजूत आहे. खरं तर ते स्प्रिंगसारखं काम करतं, आणि स्प्रिंग दबली तरच काम करते. मशीन ठेवल्यावर रबर किती मिलिमीटर दबलं, यावर सगळा खेळ आहे.

हिशेब असा. दबलेल्या मिलिमीटरचं वर्गमूळ काढा आणि १६ ला त्याने भागा. जो आकडा येईल तितक्या हर्ट्झवर ती सगळी जोडणी स्वतः डुलते. एक मिमी दबलं तर १६ हर्ट्झ, चार मिमी दबलं तर ८. मशीनचा हादरा त्याच्या किमान तिप्पट वेगाचा असेल तेव्हाच रबर त्याला चांगलं अडवतं. १४४० फेऱ्यांची मोटर सेकंदाला २४ वेळा फिरते, म्हणजे तिच्यासाठी ८ हर्ट्झ हवं, म्हणजे चार मिमी दबायला हवं. २८८० ची मोटर असेल तर एक-दीड मिमीवर भागतं. आता रबराने आपल्या जाडीच्या दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त दबू नये, नाहीतर ते चेपून बसतं. चार मिमी दबायचं तर जाडी तीस-चाळीस मिमी लागणार. दहा मिमीची मॅट तिथेच बाद झाली.

आणि पूर्ण मॅट पसरली की वजन पसरतं, दाब नगण्य होतो, रबर केसभरही दबत नाही. म्हणून रबर थोडं आणि जाड हवं. ऐंशी किलोचं मशीन चार पायांवर, म्हणजे पायाला वीस किलो. मऊ, ४० शोअरच्या (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) आसपासचं रबर असेल तर साधारण ३५ मिमी चौरस आणि ४० मिमी उंच असा एक तुकडा प्रत्येक पायाखाली पुरतो. मशीन ठेवण्याआधी आणि ठेवल्यावर फरशीपासूनची उंची मोजा. दबलंच नाही तर तुकडा बाजूने कापून लहान करा. फार दबलं तर मोठा घ्या. भंगारात मिळणारे कन्व्हेयर बेल्टचे तुकडे लोक हौसेने आणतात. त्यात कापडाचे थर असतात, ते दबत नाहीत, ट्रकच्या टायरचंही तसंच. फरशीवर ओरखडे पडू नयेत एवढ्यापुरते ते बरे.

आता तो ठोका आठवा, सेकंदाला पाच-सहा वेळा पडणारा. आठ हर्ट्झवर डुलणारं रबर त्याला अडवत नाही, उलट वाढवतं. बेल्ट बिघडलेला असताना महागाचे पॅड आणून बसवले आणि हादरा वाढला, असं जे लोक सांगतात ते खरंच असतं. आधी बेल्ट, मग रबर.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. मशीन रबरावर ठेवतात आणि पाइप मात्र भिंतीला क्लॅम्प मारून घट्ट. डस्ट कलेक्टरचा कडक पाइप, कॉम्प्रेसरची लोखंडी नळी, भिंतीला टेकलेला स्टँडचा कोपरा, फरशीत ठोकलेला बोल्ट, यातला एकही राहिला तर हादऱ्याला रस्ता मिळाला आणि रबराचा खर्च बुडाला. मशीनजवळचा फूट-दीड फूट पाइप लवचीक ठेवा, पुढचा पाइप सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी छताला टांगा. सामाईक भिंतीवर ठोकलेले औजारांचे रॅक तिथून काढून दुसऱ्या भिंतीवर न्या. त्यावरचे पाने आणि क्लॅम्प तिकडच्या खोलीत वाजत असतात.

टेबल सॉ मात्र फार मऊ बसवू नका. मोठी फळी ढकलताना मशीन सरकलं किंवा झुकलं तर बोटांवर बेतेल. तिथे कडक रबर, जड बैठक आणि थोडा हादरा पत्करावा.

फरशी हलते

दसरा-दिवाळीच्या सुमारास परत येणारी तक्रार बहुधा फरशीची असते. नागपुरात बऱ्याच लेआउटमध्ये खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळून बसते. घराचे कॉलम खोल पायावर असतात, ते फारसे हलत नाहीत. पण पोर्चची आणि मागच्या खोलीची फरशी नुसती भरावावर असते. ती एका कोपऱ्यात दोन-तीन मिमी वर-खाली झाली की मशीनचा एक पाय अधांतरी राहतो. तीन पायांवरचं मशीन खडखडतं आणि लोक नटबोल्ट आवळत बसतात. प्रत्येक पायाखाली पोस्टकार्ड सरकवून पाहा. सरकलं तर तो पाय लटकतो आहे. पाणसळ ठेवून लेव्हल करा, आणि पायांना फिरवून उंची बदलता येणारे बोल्ट बसवून घ्या म्हणजे दर वेळी पाचर शोधावी लागणार नाही.

टाइल असेल तर नाण्याने ठोकून पाहा. चार ठिपके सिमेंट टाकून चिकटवलेल्या टाइलखाली पोकळी असते, आणि पोकळ टाइलवर ठेवलेलं मशीन ढोलासारखं बोलतं. मशीन तिथून हलवून भरीव जागी न्या. पहिल्या मजल्यावर वर्कशॉप असेल तर स्लॅबच्या मधोमध काही ठेवू नका, बीमजवळ किंवा भिंतीलगत ठेवा; स्लॅब मधोमध सगळ्यात जास्त हलतो. हातोडी-पटाशीचं कामही तसंच: बेंचचा पाय बीमवर आला तर खालच्या घरातला ठोका बराच उतरतो.

हवेतून जाणारा

राउटर, हँड प्लॅनर, माइटर सॉ यांच्या मोटरी मिनिटाला वीस हजारांच्या घरात फिरतात आणि शंभर डेसिबलपर्यंत सहज जातात. हे भिंतीतून जात नाही, फटीतून जातं. साडेचार इंची विटांची प्लास्टर केलेली भिंत चाळीसहून जास्त डेसिबल अडवते. पण तीन फूट बाय सात फुटांच्या दाराखाली पाऊण इंच फट असेल, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या जवळपास एक टक्का होते, आणि एक टक्का उघडं असलेलं दार कितीही जाड केलं तरी वीस डेसिबलच्या वर अडवत नाही. म्हणून दाराला फोम चिकटवण्याआधी फट बंद करा: खाली रबरी झडप, तिन्ही बाजूंनी चौकटीला पट्टी. रात्री आत दिवा लावून बाहेरून पाहा. उजेड जिथून येतो तिथून आवाजही जातो.

फोम, ट्रे, थर्मोकोल आवाज अडवत नाहीत, कारण अडवायला वजन लागतं. दर चौरस फुटामागे वजन दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल वाढीव अडतात. दारावर आतून १८ मिमी प्लायचा थर चढवणं फोमपेक्षा केव्हाही बरं. खोलीतला घुमणारा आवाज कमी करायला रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) चालतं, वर सुती कापड ताणून. थर्मोकोल आणि साधा फोम मात्र भुसा आणि ग्राइंडरच्या ठिणग्या असलेल्या खोलीत आणूच नका, आग लागली तर थांबवता येणार नाही.

आणि मग आपला कूलर. नागपूरचं वर्कशॉप बंद करायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच, कारण कूलरची हवा आत यायला एक खिडकी लागते आणि हवा बाहेर जायला दुसरी. दोन बाय दोन फुटांची उघडी चौकट असताना दाराच्या फटीचा हिशेब कशाला करायचा? दोन मार्ग आहेत. एक, कूलर आणि हवा बाहेर जायची खिडकी रस्त्याकडच्या बाजूला घ्या, शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नको. दुसरा, हवा बाहेर जाण्याच्या जागी प्लायची पेटी करा, आतून रॉकवूल, आणि हवेला दोन वेळा काटकोनात वळायला लावा. आतली वाट पंख्याच्या तोंडाएवढी रुंद ठेवा, नाहीतर हवा अडून कूलर दमट हवाच फिरवत बसेल आणि सागाची फळी तुमच्या डोळ्यांदेखत फुगेल. राउटरची किर्र या पेटीत चांगली मरते. मोटरची घरघर मरत नाही. टिनाच्या शेडला यातलं काहीच फारसं लागू पडत नाही. पत्रा हलका असतो आणि स्वतःही वाजतो. तिथे गोंगाटाचं मशीन शेडमधून खोलीत हलवणं हाच उपाय.

तुमच्या कानांचं वेगळं सांगतो. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला वेळ अर्धा होतो. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. राउटर हातात घेण्याआधी इअरमफ.

तक्रारी थंडीत वाढतात, हे नवीन लोकांना कोड्यात पाडतं. मशीन तेच, आवाज तोच. पण मे महिन्यात आळीतले सगळे कूलर घोंघावत असतात, त्यात तुमचा आवाज बुडतो. डिसेंबरात कूलर बंद, पंखे बंद, आणि सात वाजता आळी चिडीचूप. नियमाने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण थंडीत रात्री दहाची वाट पाहू नका, दिवेलागणीलाच मशीन बंद करा. उन्हाळ्यात उलट, दुपारची एक ते चार ही झोपेची वेळ सोडा. संध्याकाळी पटाशी, पॉलिशपेपर, डिंक लावून क्लॅम्प करणं, अशी कामं असतातच.

रंधा मशीनचं मात्र घरात पूर्ण समाधान होत नाही. सरळ पात्यांचा रंधा प्रत्येक फेरीत सगळ्या रुंदीभर एकदम हवा कापतो, म्हणून तो भोंग्यासारखा सूर काढतो. तिरप्या लहान कटरांचा कटरहेड बराच शांत असतो, पण महाग. मी म्हणेन, लकडगंजातून लाकूड घेतानाच तिथल्या आरागिरणीवर जाडी काढून आणा, मापापेक्षा दोन-तीन मिमी जास्त ठेवून. घरी आणल्यावर लाकूड आठ-दहा दिवस खोलीत पडू द्या, थोडं वळेल ते वळू द्या, आणि उरलेलं हाताच्या रंध्याने काढा.